अपरिचितांशी वाद

(आपल्या संघाच्या वार्षिक संमेलनात डहाणू येथे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



वार्षिक संमेलनाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. अशा प्रसंगी वक्त्याने ज्ञातीच्या पूर्वेतिहासाचा गौरव करावा, परीक्षांत चमकलेल्या विद्यार्थ्यांस शाबासकी द्यावी, लग्नकार्यातील वाढत्या खर्चाविषयी चार कानपिचक्या द्याव्यात आणि खाली बसावे, असा आपल्याकडील परिपाठ आहे. ते विषय महत्त्वाचे आहेत यात शंका नाही; परंतु त्यांवर माझ्याहून अधिकारी मंडळी येथे बसलेली आहेत. मी आज एका निराळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. वरवर पाहता तो ज्ञातीच्या व्यासपीठावरचा वाटणार नाही. तथापि आपल्या घरांतील शांतता, आपल्या तरुणांचा वेळ आणि या तालुक्याचे भवितव्य या तिन्हींशी त्याचा निकटचा संबंध आहे. तो विषय म्हणजे अपरिचित माणसाशी करावयाचा वाद.

गेली काही वर्षे घराघरांत एक नवाच उद्योग सुरू झालेला आपण पाहतो. रात्रीची जेवणे आटोपली, की घरातील मुलगा, आणि मुलगाच कशाला, सेवानिवृत्त झालेले काकाही, हातात फोन घेऊन बसतात. आणि ज्याचे तोंड कधी पाहिले नाही, ज्याचे गाव ठाऊक नाही, अशा माणसाशी देशाच्या राजकारणावर, अणुशक्तीवर, चांद्रयानावर, विजेच्या मोटारींवर वाद घालू लागतात. मध्यरात्र उलटते, वाद संपत नाही. या उद्योगाची केवळ निंदा करणाऱ्यांपैकी मी नाही. ज्या पिढीला देशाचा कारभार कसा चालतो आणि शास्त्र कोठवर पोहोचले याची उत्सुकता आहे, ती पिढी वाया गेली असे म्हणता येणार नाही. प्रश्न एवढाच आहे, की या वादातून निष्पन्न काय होते?

वाद घालणे आपल्याला नवे नाही. पारावर, बाजारात आणि आगगाडीच्या डब्यात तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. २०१३ साली मुंबईची उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत येऊ लागली, तेव्हापासून तर सुमारे सव्वाशे किलोमीटरच्या प्रवासात सरकारे पाडण्याचे व उभारण्याचे कार्य नित्यनेमाने होत असते! परंतु डब्यातील वादास काही अंगभूत मर्यादा आहेत. प्रतिपक्षी पालघरला उतरला, तरी उद्या सकाळी तो त्याच आसनावर पुन्हा भेटणार असतो. आज आपण त्याला अपशब्द बोललो, तर उद्या तो आपल्याला बसावयास जागा देणार नाही. त्याचा चेहरा आपल्यासमोर असतो. आपला शब्द कोठे लागला हे त्यावर दिसते. शिवाय स्थानक येते, आणि वाद आपोआप थांबतो. फोनवरील अपरिचिताशी होणाऱ्या वादात यांतले काहीच नाही. तेथे चेहरा नाही, उद्याची भेट नाही आणि उतरावयाचे स्थानकही नाही. यास्तव जी मर्यादा पूर्वी प्रसंगच घालून देत असे, ती आता आपणच आपल्यावर घालून घेतली पाहिजे.

आपल्या पूर्वजांनी या गोष्टीचा सूक्ष्म विचार केला होता. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. सत्य काय आहे हे कळावे म्हणून दोन पक्ष प्रमाणे देऊन बोलतात, तो वाद. केवळ जिंकण्यासाठी, प्रसंगी शब्दच्छल करूनही बोलतात, तो जल्प. आणि स्वतःचे काहीच मत न मांडता दुसऱ्याचे तेवढे खोडीत बसणे, ती वितंडा. आज ज्याला आपण सर्रास वाद म्हणतो, त्याचा मोठा भाग या परिभाषेत जल्प वा वितंडा ठरेल. आणखी एक गोष्ट त्या परंपरेत होती. स्वतःचा सिद्धान्त मांडण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, शक्य तितक्या सबळ रीतीने मांडावा लागे. ज्याला पूर्वपक्ष नीट मांडता येत नाही, त्याला उत्तर देण्याचा अधिकार नाही, असा त्यातील भाव आहे. ही एकच शिस्त पाळली, तरी आपले निम्मे कलह मिटतील.

परंतु केवळ शास्त्राचे दाखले देऊन मी थांबणार नाही. राष्ट्रीय राजकारण, विज्ञान आणि यंत्रविद्या या विषयांवर अपरिचितांशी वाद कसा करावा आणि कसा करू नये, या दोहोंचे धडे आपल्या डहाणू-तलासरीच्या भूमीनेच दिलेले आहेत. ते दूर जाऊन शिकण्याची आवश्यकता नाही.

पहिला धडा ज्याला आपण सर्वजण नुसते ‘थर्मल’ म्हणतो, त्या औष्णिक वीजकेंद्राचा. प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच, एकूण क्षमता ५०० मेगावॉट. म्हणजे केंद्र पूर्ण क्षमतेने तासभर चालले, तर पाच लाख युनिट वीज निर्माण होते. मुंबईच्या उपनगरांस वीज हवी होती, आणि ती गरज खरी होती. इकडे चिकूच्या वाड्या होत्या, खाडी होती, मासेमारी होती. कोळशाच्या धुरातील गंधकाचा वायू आणि राख यांमुळे त्यांचे काय होईल ही चिंताही खरी होती. डहाणूतील काही नागरिक एकत्र आले. त्यांनी घोषणा देऊन समाधान मानले नाही. कागद जमविले, तज्ज्ञांना विचारले, आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९९१ च्या मार्चमध्ये न्यायालयाने केंद्र थांबविण्यास नकार दिला. परंतु धुरातील गंधकवायू धुऊन काढणारी यंत्रणा बसविण्याची जी अट होती, ती पूर्ण विचार केल्यावाचून सैल करू नये, असेही सांगितले. त्याच वर्षी २० जून रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. पुढे बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि त्यानुसार त्याच वर्षाच्या डिसेंबरात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण अस्तित्वात आले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी हे त्याचे अध्यक्ष झाले. १९९९ च्या मे महिन्यात प्राधिकरणाने ती यंत्रणा बसविण्याचा आदेश दिला. आणि बऱ्याच काळाच्या रस्सीखेचीनंतर २००७ मध्ये ती कार्यान्वित झाली.

ही यंत्रणा कसे काम करते, हे आपल्या मुलांनी समजून घेण्याजोगे आहे. समुद्राचे पाणी मुळात किंचित अल्कधर्मी असते. चिमणीकडे जाणाऱ्या धुरावर ते पाणी सोडले, की गंधकाचा वायू त्यात विरघळतो. मग त्या पाण्यात हवा खेळवून त्याचे सल्फेट केले जाते. सल्फेट समुद्राच्या पाण्यात निसर्गतःच असते. म्हणून पाण्याची आम्लता घालवून ते पुन्हा समुद्रात सोडता येते. वर्षानुवर्षे चाललेल्या वादाचे फळ असे एका रासायनिक क्रियेत उतरले! यात ध्यानी घेण्याची गोष्ट ही, की ‘केंद्र नकोच’ म्हणणारा पक्ष जिंकला नाही, आणि ‘यंत्रणा नको’ म्हणणारा पक्षही जिंकला नाही. केंद्र राहिले व यंत्रणाही आली. उत्तम वादाचे फळ पुष्कळदा असेच तिसरे असते; आरंभी ते दोन्ही पक्षांपैकी कोणाच्याच मनात नसते.

असे का घडू शकले? माझ्या मते त्या वादास तीन आधार होते. बोलणाऱ्याचे नाव होते. याचिकेखाली सही होती. बोलण्याला पुरावा होता; आणि तो दुसऱ्या पक्षाला तपासता येत होता. तिसरे म्हणजे ज्याला प्रश्न विचारला, त्याच्यावर उत्तर देण्याची जबाबदारी होती. तो पाठ फिरवून निघून जाऊ शकत नव्हता. नाव, पुरावा आणि उत्तरदायित्व, हे ते तीन आधार. माझ्या सगळ्या व्याख्यानातून आपण एवढे तीन शब्द घरी नेलेत, तरी मला पुरे आहे.

दुसरा धडा विज्ञानाचा. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू व तलासरी तालुक्यांत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडीच्या परिसरात लोक थंडीच्या दिवसांत घराबाहेर निजू लागले. तंबू उभारावे लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला, आणि त्या दिवशीच्या धावपळीत एक लहानगी पडून मृत्यू पावली. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी येथे नोंदयंत्रे बसविली. जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल जाऊन तेथील ताण मोकळा करीत असावे, असा विचार काही शास्त्रज्ञांनी मांडला. ‘असावे’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. शास्त्रज्ञ ‘असावे’ म्हणतो तेव्हा तो दुबळा ठरत नाही. पुराव्याने जेवढे दिले तेवढेच तो घेत असतो.

अशा वेळी अपरिचितांचा सल्ला उदंड मिळतो. अमुक तारखेला, अमुक वाजता मोठा धक्का बसणार, असे छातीठोक सांगणारा कोणी भेटला, तर त्याचे म्हणणे तत्क्षणी बाजूस सारावे. कारण भूकंपाचा दिवस व घटका आधी सांगण्याची विद्या जगात कोणत्याही शास्त्रज्ञास अवगत नाही. दुसरा एखादा असे सांगतो, की लहान धक्के बसताहेत ते बरेच, त्यामुळे मोठ्या धक्क्याची शक्ती निघून जाते. हे ऐकावयास गोड आहे. पण थोडे गणित करून पाहावे. भूकंपाच्या मापनात एक अंक वाढला, की बाहेर पडणारी शक्ती सुमारे ३२ पट होते. दोन अंक वाढले, की सुमारे १००० पट. म्हणजे ६ तीव्रतेच्या एका भूकंपाची शक्ती निघून जाण्यास ४ तीव्रतेचे सुमारे एक हजार धक्के बसावे लागतील! या हिशेबासाठी विद्यापीठाची पदवी लागत नाही. अपरिचिताने दिलेला दिलासा असो की भीती, तिला असा साधा हिशेब लावून पाहावा. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या रात्री शेजारच्या पाड्यातील घराची भिंत तडकली आहे काय, हे जाऊन पाहावे. फोनवर भूगर्भशास्त्राची चर्चा करणारे पुष्कळ असतात. दिवा घेऊन भिंत पाहावयास जाणारे थोडे असतात.

तिसऱ्या धड्याविषयी बोलताना मन जड होते. परंतु डहाणूत उभे राहून त्याचा उच्चार टाळणे योग्य होणार नाही. १६ एप्रिल २०२० ची रात्र. देशभर टाळेबंदी होती. मुले पळविणाऱ्या, चोऱ्या करणाऱ्या टोळ्या रात्री हिंडत असल्याच्या अफवा फोनवरून गावोगाव पसरल्या होत्या. कांदिवलीहून सुरतेकडे अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक आपल्या तालुक्यातील गडचिंचले येथे अडविले गेले, आणि पोलीस येऊनही जमावाने त्या तिघांचे प्राण घेतले. तीन निरपराध माणसे केवळ अपरिचित होती म्हणून मारली गेली. ज्या मजकुराने लोक भयभीत झाले, त्याखाली कोणाचे नाव नव्हते, त्यास पुरावा नव्हता, आणि त्याचे उत्तर देण्यास कोणी बांधलेला नव्हता. थर्मलच्या वादाचे जे तीन आधार मी सांगितले, ते तिन्ही येथे नव्हते. जेथे ते नसतात, तेथे काय घडू शकते याचे याहून भयंकर उदाहरण मला ठाऊक नाही.

आणि त्यानंतर काय झाले? ज्यांनी डहाणू नकाशावरही पाहिले नव्हते, असे लक्षावधी लोक आपल्या तालुक्याविषयी वाद घालू लागले. या हत्येला धार्मिक वैराचा रंग देण्याचा प्रयत्न झाला. अखेर राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची नावे प्रसिद्ध करून, त्यांत एकही मुसलमान नाही, असे जाहीर करावे लागले. एका अफवेने तीन जीव घेतले. तिच्या पाठोपाठ आलेल्या अफवांनी संबंध देशाच्या मनात विष कालविण्याचा यत्न केला. त्या दिवसांत आपल्यापैकी प्रत्येकास दूरच्या नातलगांचे प्रश्न आले असतील: तुमच्याकडील लोक असे कसे? आपल्याविषयी अपरिचितांनी अज्ञानाने बोलावे, याचे दुःख आपण तेव्हा अनुभवले. म्हणूनच मणिपूर असो, काश्मीर असो, की बंगाल, तेथील लोकांविषयी येथे बसून निकाल देताना आपण हात आखडता घेतला पाहिजे. जे आपल्याला लागले, ते त्यांनाही लागते.

आता मी थोडा मागे जातो. अपरिचितांशी राजकारण बोलणे म्हणजे काय, याचा आणखी एक थोर धडा १९४५ साली याच भूमीवर गिरविला गेला. त्या काळच्या उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांत वारली शेतमजूर वेठबिगारीने गांजलेला होता. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोस सावकाराकडे राबावे लागे, त्यास लग्नगडी म्हणत. किसान सभेच्या गोदावरी व शामराव परुळेकर यांनी तेथे काम सुरू केले, आणि १९४५ च्या मे महिन्यात झरी येथे वारल्यांची मोठी सभा झाली. गोदावरीबाई पुण्याच्या, उच्चशिक्षित, वारल्यांना सर्वस्वी परक्या. हे लोक त्यांचे का ऐकतील? परंतु जगाच्या राजकारणाचे प्रवचन त्यांनी आरंभी लादले नाही. वेठ, मजुरीचा दर, गवतकापणी, हे जे वारल्यांच्या रोजच्या जगण्याचे प्रश्न होते, त्यांपासून बोलणे सुरू झाले. आणि त्यांतून वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात वारली हुतात्मे झाले. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथास पुढे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, हे आपणांस विदित आहेच.

त्यांच्या राजकीय मतांशी कोणी सहमत असो वा नसो, मला येथे एवढेच दाखवावयाचे आहे, की परक्या माणसाशी बोलण्याचा आरंभ त्याच्या प्रश्नापासून करावा लागतो. आणि ज्ञातीच्या व्यासपीठावर उभा आहे म्हणून एक स्पष्ट शब्द बोलतो, त्याबद्दल राग नसावा. ज्यांच्या वाड्या आहेत, जमिनी आहेत, त्या सर्व ज्ञातींच्या शेजारी तो वारली बांधव पिढ्यान्‌पिढ्या राबत आला. चिकू तोडणारा हात त्याचा, पेढीवर बसणारा दुसरा. घोलवडच्या चिकूस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपल्याला अभिमान आहे; त्यात त्याचाही वाटा आहे. आज आपण अमेरिकेतील अपरिचिताशी तासन्‌तास अणुऊर्जेची चर्चा करतो; पण वाडीत काम करणाऱ्या माणसाला, ‘बुलेट ट्रेनविषयी तुमच्या ग्रामसभेत काय ठरले?’ असे आपण कितीदा विचारले आहे? आपल्या दृष्टीने खरा अपरिचित कोण, याचा विचार ज्याने त्याने करावा.

यानंतर मी आज सर्वांच्या मनात असलेल्या प्रश्नाकडे येतो: वाढवण बंदर. या प्रश्नावरून एकाच घरातील दोन भाऊ एकमेकांशी अबोला धरतात, व्याहीमंडळींत कटुता येते, हे मी पाहतो आहे. बंदर असावे की नसावे, याविषयी निकाल देण्यास मी येथे उभा नाही. या प्रश्नावर वाद कसा करावा एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रत्येक मोठ्या प्रश्नात तीन प्रकारची विधाने मिसळलेली असतात. पहिला प्रकार वस्तुस्थितीचा. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी सुमारे ७६,२०० कोटी रुपयांच्या या बंदरास मान्यता दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालण्याची योजना आहे. किनाऱ्याजवळ सुमारे २० मीटरची नैसर्गिक खोली आहे. ही विधाने कोणालाही तपासता येतात. त्यांवर आवाज चढविण्याचे कारण नाही. दुसरा प्रकार अंदाजाचा. इतक्या लोकांना रोजगार मिळेल, इतके मासे कमी होतील, किनारा इतका खचेल, ही भविष्यातील गोष्टींविषयीची विधाने. येथे विचारावयाचे ते हे: अंदाज कशावरून बांधला, आणि तो चुकला तर भरपाई कोण करणार? तिसरा प्रकार इष्टानिष्टाचा. देशाच्या व्यापारासाठी किनाऱ्यावरील माणसाने किती सोसावे? येथे मोजपट्टी चालत नाही; एकमेकांचे ऐकून घ्यावे लागते. आपले बहुतेक भांडण होते, ते तिसऱ्या प्रकारचा प्रश्न पहिल्या प्रकारच्या आकड्यांनी सोडवू पाहिल्यामुळे, अथवा दुसऱ्या प्रकारचा अंदाज पहिल्या प्रकारची वस्तुस्थिती म्हणून ठोकून दिल्यामुळे.

आणखी एक उदाहरण घ्या. १९९८ साली प्राधिकरणाने वाढवण येथे बंदर होऊ देता येणार नाही, असा निर्णय दिला. त्याच प्राधिकरणाने २०२३ च्या जुलैमध्ये अटींसह अनुमती दिली, आणि एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. बंदराचा विरोधक १९९८ चा निर्णय फडकवितो, समर्थक २०२३ चा. दोन्ही निर्णय वाचून, पंचवीस वर्षांत काय बदलले, प्रकल्पाची आखणी बदलली, कायदा बदलला, की दृष्टी बदलली, हा प्रश्न जो विचारील, तो खरा वाद करणारा. विरोधकाने समर्थकाचा आणि समर्थकाने विरोधकाचा आवडता कागद आधी वाचावा. पूर्वपक्ष म्हणतात तो हाच.

जानेवारी २०२४ मध्ये या बंदराची पर्यावरणविषयक जनसुनावणी पालघरला झाली. अपरिचितांच्या वादासाठी आपल्या कायद्याने जी व्यवस्था लावून दिली आहे, ती या दृष्टीने अभ्यासनीय आहे. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करावा लागतो. लेखी हरकत घेता येते. सुनावणीस ठराविक गणसंख्येची अट नाही. आक्षेपांस प्रकल्पकर्त्याने उत्तर द्यावयाचे असते. कामकाजाचे चित्रमुद्रण होते, आणि अखेरीस इतिवृत्त जमलेल्या लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावयाचे असते. येथे मते मोजली जात नाहीत. प्रश्न आणि त्यांची उत्तरे नोंदविली जातात. अर्थात, व्यवस्था कागदावर असणे निराळे आणि ती मनःपूर्वक पाळली जाणे निराळे. परंतु ती पाळावयास लावण्याचा मार्ग तरी कोणता? सारांश वाचून, प्रश्न लिहून, नाव देऊन उभे राहणारी माणसे तेथे असणे, हाच. जो तरुण फोनवर बंदराच्या बाजूने किंवा विरुद्ध रोज चाळीस ओळी लिहितो, त्याने या सारांशाची चार पाने वाचली आहेत काय, असे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

हीच गोष्ट ग्रामसभेची. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने येथील ग्रामसभेस विशेष अधिकार दिलेले आहेत. तेथे बोललेला शब्द ठरावात उतरतो. फोनवर लिहिलेला शब्द सकाळपर्यंत शंभर दुसऱ्या शब्दांखाली गाडला जातो. शब्द दोन्हीकडे तेवढाच खर्ची पडतो. फळात मात्र केवढे अंतर!

आता समारोपाकडे वळतो. ज्ञातीतील तरुणांपुढे मी काही नियम ठेवू इच्छितो. ते कठीण नाहीत.

पहिला नियम: ज्याखाली स्वतःची सही करण्यास आपण तयार नाही, असा मजकूर पुढे पाठवू नये. पाठविणारा हाही लिहिणाऱ्याइतकाच जबाबदार आहे. गडचिंचले विसरू नये.

दुसरा नियम: प्रतिपक्षाचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगावे, आणि ‘हेच आपले म्हणणे ना?’ असे विचारावे. तो ‘होय’ म्हणेल तेव्हाच उत्तरास आरंभ करावा.

तिसरा नियम: माणसाचे आडनाव पाहून त्याच्या विधानाची किंमत ठरवू नये. हा नियम ज्ञातिसंघाच्या व्यासपीठावरून सांगण्यात थोडी विसंगती भासेल; पण म्हणूनच तो येथून सांगितला पाहिजे. तारापूरच्या अणुकेंद्राचे पहिले दोन संच १९६९ पासून वीज देऊ लागले. त्या विजेची जात कोणी विचारली नाही. शास्त्रातील विधानाचेही तसेच आहे. ते खरे असेल तर कोणाच्याही तोंडून खरे, आणि खोटे असेल तर आपल्या मामांनी सांगितले तरी खोटे.

चौथा नियम: ‘मला ठाऊक नाही’ हे तीन शब्द उच्चारण्यास लाजू नये. घोलवडच्या बाजारात ज्या मालाची खात्री नाही, तो खात्रीचा म्हणून विकणाऱ्याची पत जाते; ज्ञानाच्या बाजारातही न्याय तोच.

पाचवा नियम: थांबावयाचे स्थानक स्वतः ठरवावे. दोन वेळा पुरावा देऊनही समोरचा जल्पाकडेच वळत असेल, तर नमस्कार करून उठावे. अपरिचितापुढे हार मानल्याने कोणाचे घर बुडत नाही. रात्रभर जागून जिंकल्याने कोणाचे तरत नाही.

शेवटी संघाच्या कार्यकारी मंडळास एक नम्र सूचना करतो. आपले सभागृह वर्षातील बरेच दिवस लग्नकार्यासाठी दिले जाते. महिन्यातील एक सायंकाळ ते वाचन आणि वाद यांसाठी मोकळे ठेवावे. सरकारी अधिसूचना, प्रकल्पाचा सारांश, न्यायालयाचा निकाल, असे एकेक मूळ कागदपत्र तेथे मराठीतून मोठ्याने वाचावे; एकाने पूर्वपक्ष मांडावा, दुसऱ्याने उत्तर द्यावे, आणि जे ठरले व जे अनिर्णित राहिले ते वहीत लिहावे. या सभेस ज्ञातीचे बंधन नसावे. वारली, मांगेला, भंडारी, मुसलमान, इराणी बागायतदार, ज्यांचा या मातीशी आणि या समुद्राशी संबंध आहे, त्या सर्वांस आमंत्रण असावे. एका वर्षानंतर ती वही पुढील स्मरणिकेत छापावी. विद्यार्थ्यांच्या गुणांच्या यादीशेजारी ती शोभून दिसेल.

आपल्या वाडवडिलांनी खारी जमीन गोडी करून तीत वाड्या उभ्या केल्या. त्यासाठी बांध घालावे लागले. बांध नसता, तर भरतीचे एक पाणी सारे घेऊन गेले असते. शब्दांच्या या नव्या भरतीलाही बांध हवेत. भरती अडविण्यासाठी ते नकोत. तिचे पाणी पिकास उपयोगी पडावे म्हणून हवेत. नाव, पुरावा आणि उत्तरदायित्व हे ते बांध होत.

 ज्यांना यातील एखादे विधान पटले नसेल, त्यांनी ते नावानिशी लेखी कळवावे, अशी विनंती आहे. उत्तर देण्यास मी बांधलेला आहे. संघाचा उत्कर्ष होवो, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.